दर पावसाळ्यात तेच कान, तेच ड्रॉप्स

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर 4 वर्षांचा आहे. दर पावसाळ्यात कान खाजवतो, तपकिरी मळ येतो, आंबूस वास सुटतो. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स घातले की आठवड्यात बरं वाटतं. महिन्याभरात पुन्हा तेच. सासूबाई कोमट खोबरेल तेल घालायला सांगतात. घालावं का? – वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तेल नको. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते, मग काटकोनात वळते आणि शेवटी पडदा असतो. वरून घातलेलं तेल त्या वळणावर मळात मिसळून चिकट राहतं. लॅब्रेडॉरचे कान लोंबते, त्यात बडोद्याची जुलै-ऑगस्टमधली दमट हवा. अशा बंद, ओल्या जागी मॅलासेझिया ही यीस्ट (एक प्रकारची बुरशी) झपाट्याने वाढते. तुम्ही लिहिलेला मळ आणि वास बहुधा तिचाच. हिरवट-पिवळा पू असेल तर जिवाणू, कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा कोरडा मळ असेल तर कानातले किडे, असा अंदाज करता येतो. पण तो अंदाजच. डॉक्टरांनी काडीवर मळ घेऊन काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खरं कळतं, आणि ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती करून घेण्याचा आग्रह धरा.

पडदा शाबूत आहे का, हेही आधी पाहायलाच हवं. फाटलेल्या पडद्यावर जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले ड्रॉप्स पडले तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. उरलेली जुनी बाटली तपासणीशिवाय पुन्हा उघडू नये ती यासाठीच.

साफ करण्यासाठी कुत्र्यांसाठीचंच इअर क्लीनर घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर यांनी सुजलेली कातडी भाजल्यासारखी होते. बाटली मुठीत धरून कोमट करा, कानाची पाळी वर उचला आणि नळी काठोकाठ भरेपर्यंत ओता. थेंब-दोन थेंबांनी काही होत नाही. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, बोटांनी 20-30 सेकंद चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. नंतर सोडा, त्याला डोकं झटकू द्या, वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने जेवढं बोट जाईल तेवढाच पुसा. इअरबड नकोच, तो मळ पडद्याकडे ढकलतो. औषध घालायचं असेल तर 10 मिनिटं थांबून घाला. निरोगी कानाला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा एवढं पुरे. रोज धुतल्याने कान उलट ओला राहतो. आंघोळीनंतर पाळीची आतली बाजू कोरडी करायला मात्र विसरू नका.

आता खरा मुद्दा. वर्षानुवर्षं उलटणाऱ्या कानामागे बहुतेक वेळा ॲलर्जी असते. तो पंजे चाटतो का, पोट-बगला लाल होतात का, याची नोंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. खाण्यातली ॲलर्जी तपासायची तर किमान 8 आठवडे ठरवून दिलेलंच अन्न, त्यात बिस्किट-पोळीचा तुकडाही नाही. घरातल्या सगळ्यांनी ते पाळलं नाही तर चाचणी वाया जाते. औषधाचा कोर्सही खाज थांबली म्हणून अर्ध्यावर सोडू नका. आत यीस्ट शिल्लक असते. कोर्स संपल्यावर काचपट्टी पुन्हा पाहून घ्या.

मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला किंवा कानाला हात लावू देईनासा झाला, तर घरी काही न घालता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रश्न : आमच्या देशी कुत्रीच्या कानाची पाळी एका दिवसात उशीसारखी फुगली. सुईने रक्त काढता येईल का? – वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : घरी टोचू नका. जोरजोराने कान झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून कातडी आणि कुर्चा (पाळीतलं लवचिक, मऊ हाड) यांच्यामध्ये रक्त साठतं. ते नुसतं काढलं तर बऱ्याचदा पुन्हा भरतं, शिवाय जंतू आत जातात. डॉक्टर रक्त काढून टाके घालतात किंवा निचऱ्याची नळी बसवतात. तसंच सोडलं तर पाळी आक्रसून वाकडी होते. पण त्याच भेटीत कान आतून तपासून घ्या. ती कान झटकत का होती, गोचीड, किडे की यीस्ट, हे सापडल्याशिवाय दुसरा कानही फुगू शकतो.