मुलीला स्वतःच्या शरीराची लाज वाटू नये म्हणून कोणती गाणी ऐकवावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, दिवसभर गाण्यांवरचे रील बघते, स्वतःचे करते आणि लगेच पुसून टाकते, 'मी जाडी दिसते, काळी दिसते' म्हणून रडते. गाण्यांचा खरंच एवढा परिणाम होतो का, आणि होत असेल तर आत्मविश्वास वाढवणारी गाणी कोणती, असा तुमचा प्रश्न.

होतो. पुष्कळ होतो. तुम्हाला लोक सांगतील की गाण्यात शब्दांकडे कोण लक्ष देतं, लोक ठेका बघतात. हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आले आहे, म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले.

मी ऑर्केस्ट्रात गायचे. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, हळदी, पुढाऱ्यांचे वाढदिवस. दादा कीबोर्डवर आणि मी फिमेल सिंगर. रंगानं काळी, अंगानं भरलेली, आवाज खाली जाड आणि वर स्वच्छ. ऑर्केस्ट्राच्या मालकाला यातला फक्त आवाज हवा होता. मग त्यानं तोडगा काढला. स्टेजच्या पुढच्या कडेला एक गोरी, बारीक मुलगी माइक घेऊन उभी राहायची. तिचा माइक मिक्सरवर बंद असायचा. मी मागे, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मध्ये, स्पीकरच्या आडोशाला. लाइट तिच्यावर, आवाज माझा. पाकीट तिचं जाड असायचं, पण तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. ती पोरगी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पोटात काही घ्यायची नाही, साडीतून पोट दिसेल म्हणून. तिचंही शरीर त्या माणसाला जसंच्या तसं चालत नव्हतं आणि माझंही नाही.

सिनेमात एकीचा आवाज आणि दुसरीचा चेहरा हे फार पूर्वीपासून चालत आलंय. पण पार्श्वगायनात गाणाऱ्या बाईला एक आडोसा तरी होता. रेकॉर्डिंग रूममध्ये तिच्या कमरेचं माप कुणी काढत नव्हतं. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा आल्या आणि तो आडोसाही गेला. आता गाणाऱ्या मुलीचा आधी मेकओव्हर होतो आणि मग सुरांचं बोलणं निघतं.

'दबंग २' हा सिनेमा आला, २०१२ मध्ये, तेव्हापासून जत्रेत त्यातल्या 'फेविकॉल से'ची फर्माईश ठरलेली असायची. त्या गाण्यात बाई स्वतःला तंदुरी मुर्गी म्हणते आणि मला दारूबरोबर गिळा म्हणून सांगते. लिहिणारे पुरुष, पण बोलणारी 'मी'. आणि ती 'मी' माझ्या गळ्यातून बाहेर पडायची. ऐकणाऱ्याच्या कानावरून शब्द निसटत असतील, गाणाऱ्याच्या निसटत नाहीत. शब्द तोंडात नीट बसल्याशिवाय ओळ उचलताच येत नाही. तालमीत तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना मला घशाशी यायचं. दादा कीबोर्डवरून मान वर न करता म्हणायचा, ठेका बघ गं, शब्द सोड.

आता दादाचं सांगते. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी 'गोरी गोरी पान, फुलासारखी छान' गायले होते, दादाला पहिल्या रांगेत बसवून. गदिमांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, आशाबाईंचा आवाज. गाणं म्हणून आजही मला त्यात खोट काढता येत नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी काळ्यासावळ्या पोरींनी ते तोंडपाठ करून भावाकडे गोरी वहिनी मागितली आहे, मी त्यातलीच एक. ह्याच तिघांचं बदकाच्या कुरूप पिल्लाचं गाणंही आपण सगळे गातो. त्या पिल्लाची सुटका कशी होते आठवा. ते पांढराशुभ्र राजहंस निघतं.

दादाच्या लग्नाच्या वेळी वधूवर मंडळात नाव नोंदवलं. 'अपेक्षा' या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, गोरी, सडपातळ, गाण्याची आवड. एका मुलीला बघायला आम्ही गेलो. तिनं नाट्यगीत म्हटलं, इतकं सुरेल की माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. परतताना गाडीत दादा म्हणाला, 'आवाज चांगला आहे, पण जरा...' आणि थांबला. आई म्हणाली, बघू अजून स्थळं आहेत. मी मागच्या सीटवर बसले होते, त्याच मुलीच्या रंगाची आणि त्याच मुलीच्या अंगाची. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, शब्दांकडे कुणी बघत नाही ना, मग ते दोन शब्द तुझ्या कागदावर कुठून आले? तर म्हणे, सगळेच लिहितात. तो वाद त्या दिवशी संपला नाही आणि नंतरही संपला नाही.

शब्दांना किंमत नसती तर २०२० मध्ये जे झालं ते झालंच नसतं. 'खाली पीली' या सिनेमात एक गाणं आलं, 'गोरिया'ला बघून बियॉन्से लाजेल अशा अर्थाचं. एका कृष्णवर्णीय गायिकेला हिणवून गोरीचं कौतुक. लोक भडकले, दिग्दर्शकाला माफी मागावी लागली आणि बियॉन्सेच्या जागी 'दुनिया' घालावी लागली. चाल तीच राहिली, ठेका तोच राहिला, फक्त शब्द बदलला. त्याच वर्षी १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. कोट्यवधींचा धंदा करणारी माणसं एका शब्दासाठी एवढी धावपळ करतात. दादानं यावर मला अजून उत्तर दिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. आपल्याकडे पुरुषाच्या काळ्या रंगाला गाण्यात जागा आहे. तुकोबांचा विठ्ठल 'सावळे सुंदर रूप मनोहर' आहे. १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये मेहमूद 'हम काले हैं तो क्या हुआ, दिलवाले हैं' म्हणत नाचतो आणि सगळ्यांना आवडतो. पुरुषानं रंग हसण्यावारी नेला की तो दिलदार ठरतो. काळ्या बाईनं स्टेजवर येऊन असं म्हटलेलं किती गाण्यांत ऐकलंय ते आठवून बघा. अपवाद असतील. लग्नाच्या हळदीत ते वाजत नाहीत, तिथे 'गोऱ्या गोऱ्या गालावरी'च वाजतं, नवरी कोणत्याही रंगाची असो.

'स्वतःवर प्रेम करा' छापाची इंग्रजी गाणी भाचीनं मला ऐकवली आहेत. माझं मत कडक आहे. मेघन ट्रेनरचं २०१४ चं 'ऑल अबाउट दॅट बास' भरलेल्या अंगाची बाजू घेतं आणि लगेच सांगतं की मुलांना रात्री धरायला थोडं जास्तच आवडतं. परीक्षक तेच, फक्त या वेळी पास केलं. वर बारीक मुलींना एक शिवीही देऊन जातं. वन डायरेक्शन या मुलांच्या बँडचं २०११ चं गाजलेलं गाणं म्हणतं, तू सुंदर आहेस हे तुला ठाऊक नाही, म्हणून तू सुंदर. स्वतःची किंमत न कळणं हा मुलीचा गुण आहे असं शिकवणारं गाणं मी तरी माझ्या विद्यार्थिनींना देणार नाही. त्यातल्या त्यात टीएलसी या बायकांच्या ग्रुपचं १९९९ चं 'अनप्रिटी' मला पटतं, कारण त्यात बाई समोरच्याला सरळ सांगते की मला कुरूप वाटायला लावणारा तू आहेस.

आपल्या घरात याहून जुनं आणि खणखणीत उदाहरण आहे, ते म्हणजे सुलोचना चव्हाण. शृंगाराच्या लावण्या गायच्या त्या डोक्यावर पदर घेऊन, अंगभर साडी नेसून, जागेवर उभ्या राहून. सगळी अदा गळ्यात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. बैठकीच्या लावणीतल्या यमुनाबाई वाईकरही तशाच. उतारवयात बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी त्या लावणी उभी करायच्या. बाईचं वय वाढलं, अंग सुटलं म्हणजे तिच्याकडे बघण्यासारखं, ऐकण्यासारखं काही उरत नाही, हा समज त्या दोघींनी कुणाला भाषण न देता मोडून काढला.

मी मालकाला म्हटलं होतं, मला सुलोचनाबाईंची एक लावणी पुढे येऊन, पदर घेऊन गाऊ द्या. तो म्हणाला, पब्लिक खुर्च्या फेकेल. मग एका जत्रेत ती पुढे उभी राहणारी मुलगी कार्यक्रमाआधी चक्कर येऊन पडली. उपाशी होती. तिला खुर्चीवर बसवून ग्लुकोज पाजलं आणि मालकाकडे दुसरा इलाज राहिला नाही. मी पदर डोक्यावर घेतला, पुढच्या माइकवर गेले आणि गायले. हलले नाही, मुरडले नाही. ढोलकीवाल्यानं त्या दिवशी जी साथ केली ती मी विसरणार नाही. वन्स मोअर आला. बायकांच्या बाजूनंही आला, जो एरवी कधी यायचा नाही. दादानंसुद्धा त्या रात्री कबूल केलं की असं पूर्वी झालं नव्हतं.

पुढच्या कार्यक्रमाला मी परत स्पीकरच्या मागे. मालक म्हणाला, कार्यक्रमाची सुपारी फोटो बघून मिळते, आवाज ऐकून नाही. तो हंगाम संपला तसा मी ऑर्केस्ट्रा सोडला आणि घरीच सुगम संगीताचा क्लास सुरू केला.

क्लासमध्ये जे दिसतं ते तुम्हाला उपयोगी पडेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुली गायला उभ्या राहिल्या की पोट आत ओढून घेतात. सवयच झालेली असते, त्यांना स्वतःला कळतही नाही. पोट आत ओढून गाता येत नाही. श्वास घेताना छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली जातो आणि पोट पुढे यायलाच हवं, तरच दम पुरतो. पोट आवळलं की श्वास छातीत वरच्या वर राहतो, मानेच्या शिरा ताणतात, ओळीच्या शेवटी सूर थरथरतो आणि खाली येतो. मी त्यांना भिंतीला पाठ टेकून उभं करते, हात पोटावर ठेवायला लावते आणि सांगते, हात पुढे ढकल. पहिले काही दिवस मुली लाजतात. एकमेकींकडे बघतात, ओढणी पुढे घेतात. मग कधीतरी एकीचा 'सा' भरून लागतो आणि ती स्वतःच दचकते. त्यानंतर तिला पोटाबद्दल सांगावं लागत नाही.

त्यामुळे कोणती गाणी ऐकवू, याला माझ्याकडे यादी नाही. ऐकवण्यापेक्षा तिला गाऊ द्या. मोठ्यानं, आरशाशिवाय, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. सूर चांगला आहे की नाही याची पर्वा करू नका. रील बंद करा असं मी म्हणणार नाही, बंद केलेले रील मैत्रिणीच्या फोनवर दिसतात. आणि घरात तुम्ही स्वतः 'मी किती सुटले' म्हणत असाल तर ते आधी थांबवा. ती ते गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकत असेल.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. गोऱ्या रंगाचं वेड गाण्यांनी जन्माला घातलेलं नाही, ते त्याआधीपासून आहे. गाणी ते पाठ करून घेतात. गाण्यात 'गोरा' आला म्हणजे गाणं वाईट, असंही नाही. १९६३ च्या 'बंदिनी'तलं 'मोरा गोरा अंग लइ ले', गुलजारांनी लिहिलेलं, त्यात नायिका गोरा रंग देऊन टाकते आणि श्याम रंग मागून घेते. लावणीचं कौतुक केलं म्हणून फडावरच्या बायकांनी काय सोसलं ते झाकायचं नाही. आणि गाणं हे औषध नाही. अमेरिकेची गायिका करेन कारपेंटर मुळात ड्रम वाजवणारी, तिला ड्रमच्या मागून काढून स्टेजच्या पुढे उभं केलं. सोन्याचा गळा होता. ॲनोरेक्सियानं, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं जेवण टाळत राहण्याच्या आजारानं, हृदय कमजोर होऊन ती १९८३ मध्ये ३२ व्या वर्षी गेली. तेव्हा तुमची मुलगी जेवण टाळत असेल, जेवून उलटी काढत असेल, पाळी थांबली असेल, तर क्लास नंतर, आधी डॉक्टर आणि समुपदेशक.

दादाची मुलगी आता माझ्याकडे शिकते. मध्यंतरी त्याचा फोन आला, सोसायटीच्या गणपतीत तिच्या ग्रुपला नाचायला जे गाणं दिलंय ते बदलून घे, तू बोल त्या बायकांशी, शब्द फार घाण आहेत. मी बोलले, गाणं बदललं. त्याला मी एवढंच विचारलं की हे शब्द तुझ्या बहिणीच्या तोंडी होते तेव्हा तुला ऐकू का आले नाहीत. वहिनी मागून म्हणाली, बरोबर विचारताय तुम्ही. ती गोरी आहे, सडपातळ होती, आणि लग्नानंतर वजन वाढल्यावर तिनं काय काय ऐकलंय ते तिनं मला सांगितलेलं आहे. दादानं फोन ठेवला नाही, पण बोललाही नाही.

तुमच्या मुलीला पहिलं गाणं तिचं तिलाच निवडू द्या, अगदी तुम्हाला न आवडणारं असलं तरी. तानपुऱ्याचं ॲप लावा. मुलींना साधारण काळी चार किंवा पाच, म्हणजे पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, गायला जमते. वर ताण पडत असेल तर पट्टी उतरवा, आणि श्वास घेताना हात पोटावर ठेवायला सांगा.