स्पर्धा जिंकलेल्या वाचकांना आमच्या नागपूरच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये पात्र म्हणून कसं आणावं?

गर्दीतला एक चेहरा म्हणून उभं करू नका, हे आधी सांगते. वाचक स्वतःला शोधत पानं उलटतो आणि कोपऱ्यात नखाएवढा सापडला की हिरमुसतो. त्याला असं काम द्या, ज्याच्यावाचून कथा पुढे सरकणार नाही.

नागपूरच आहे तर मारबतीची मिरवणूक घ्या ना! पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारीत पाय ठेवायला जागा नाही, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'चा गजर, आणि खलनायक एका बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याच्या, आत दडलेला. नायकाला पत्ता नाही. बडग्याखालून दिसणारे बूट खटकतात ते विजेत्या मुलीला.

फोटो समोरून, बाजूने आणि हसतानाचे मागवा. नाकडोळे हुबेहूब काढण्यापेक्षा चष्मा, वेणी, उभं राहायची ढब यांवरून माणूस चटकन ओळखू येतो. लेखी परवानगी घ्याच, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची. खलनायक करायचं असेल तर आधी विचारा. पुष्कळांना तेच हवं असतं.

नाव मात्र ठळक छापा. १९८१मध्ये डीसी कॉमिक्सने 'डायल एच फॉर हीरो'त वाचकांनी सुचवलेले नायक घेतले, तेव्हा सुचवणाऱ्यांची नावं कथेतच दिली होती.