सारखे फटके बसत असतील तर मन खंबीर कसं करायचं?

एकदम खंबीर वगैरे कोणी होत नाही हो, आधी दिवस ढकलायचा असतो. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर बघा, आर्मीत बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं, मग उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला थेट गोल्ड! पद्मश्री मात्र २०१८ ला, म्हणजे कौतुकाची वाट बघत बसलात तर संपलंच.

त्यामुळे गेलं ते परत कसं मिळवू यात अडकू नका, आत्ता जे जमतंय ते रोज थोडं करा, झोप सांभाळा, एखाद्या मित्राशी मोकळं बोला. आणि महिना महिना उठावंसंच वाटत नसेल तर सरळ डॉक्टर गाठा, त्यात लाज कसली.