अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या लुथरन चर्चमध्ये आठवडाभर नेमकं काय चालतं? आपण ख्रिस्ती नसताना गेलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे मिडवेस्टातल्या एका छोट्या गावात राहायला आलात, घरासमोरच लुथरन चर्च आहे, रविवारी पंधरा-वीस गाड्या दिसतात आणि बाकीचे सहा दिवस तिथे काय चालतं ते कळत नाही. मी गेली नऊ वर्षं अशाच एका चर्चची मेंबर आहे, दक्षिण मिनेसोटात, गावाची वस्ती हजाराच्या आत, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, म्हणून जे डोळ्यांनी बघते तेच सांगते.

मी मूळची नगरची. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अमेरिकन मराठी मिशनचं, १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चेसच्या संघात गेलेलं, त्यामुळे लुथरन म्हणजे काय हे शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, मार्टिन लूथरच्या (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, ज्याच्या मागून ही चर्चेस निघाली) गोष्टीत जेवढं आलं तेवढंच मला माहीत होतं. इथे पहिल्या रविवारी गेले तर एक ऐंशीच्या पुढच्या आजी हात हातात घेऊन विचारतात, तू संथाल लोकांतली का गं? मला काही कळेना. मग कळलं की त्यांच्या लहानपणी नॉर्वेजियन लोकांच्या या चर्चमध्ये मुलं संथाल मिशनसाठी डब्यात नाणी टाकायची. ते मिशन १८६७ मध्ये स्क्रेफ्सरूड नावाच्या नॉर्वेजियन माणसाने आणि त्याच्या डॅनिश सोबत्याने संथाल परगण्यात, म्हणजे आजच्या झारखंडात सुरू केलं होतं. आजींना भारत म्हणजे तेवढाच माहीत. नंतर मी वाचत गेले तर अजून एक सापडलं, अमेरिकन लुथरनांनी परदेशात पाठवलेले पहिले मिशनरी फादर हायर, ते १८४२ मध्ये आपल्या गुंटूरला पोचले, परत आल्यावर याच मिनेसोटात काम केलं, १८६० मध्ये इथल्या सिनडचे, म्हणजे चर्चेसच्या संघाचे, पहिले अध्यक्ष झाले, आणि मग पंचाहत्तरी उलटल्यावर पुन्हा भारतात गेले. हे वाचलं तेव्हा मला इथे एकदम परकं वाटायचं कमी झालं.

तर आठवडा. लोकांना वाटतं चर्चचा आठवडा रविवारी सुरू होतो, पण आमच्याकडे तो गुरुवारी दुपारी बारा वाजता सुरू होतो असं मी म्हणेन, कारण बुलेटिनसाठी बातम्या द्यायची ती शेवटची वेळ. ऑफिसमधल्या ताई आठवड्यातून दोनच सकाळी येतात, त्या वेळेआधी ज्याला जे कळवायचंय ते त्याने कळवायचं. चार पानी कागद असतो, रविवारी दारात हातात देतात आणि ज्यांना येणं होत नाही त्यांच्या घरी पोस्टाने जातो. त्यात उपासनेचा क्रम असतोच, पण लोक आधी उलटतात ते मागचं पान. मागच्या रविवारी किती जण होते, अर्पण किती जमलं, या रविवारी वाचन कोणाचं, कॉफी कोणाकडे, वेदीवरची फुलं कोणी कोणाच्या आठवणीत दिलीत, कोणाचा वाढदिवस, कोणाच्या नातवाचं ग्रॅज्युएशन, आणि प्रार्थनेसाठी नावं. बाहेरच्या माणसाला ही बातमी वाटणारच नाही, पण चाळीस माणसांत एक नाव प्रार्थनेच्या यादीत आलं की त्या आठवड्यात त्या घरी किमान सहा भांडी भरून जेवण जातं, हे मी मोजलेलं आहे.

त्या यादीत नाव विचारल्याशिवाय टाकत नाहीत, आणि बहुतेक वेळा फक्त पहिलं नाव असतं. माझी आई नगरला पडली, खुब्याचं हाड मोडलं, मला जाता येत नव्हतं, तेव्हा पास्टरबाईंनी विचारलं, नाव टाकू का? पुढचे चार महिने दर रविवारी माझ्या आईचं नाव ही सगळी शेतकरी माणसं त्यांच्या उच्चारात घेत होती, आणि एक आजोबा, जे माझ्याशी हवामान सोडून कधी काही बोलले नव्हते, ते दर वेळी कॉफीच्या वेळी येऊन विचारायचे, आई वॉकरवरून काठीवर आली का. आईला फोनवर सांगितलं तर ती किती वेळ काही बोललीच नाही.

रविवार म्हणाल तर आमची उपासना नऊला, कारण पास्टरबाईंना पुढे अकरा मैलांवरच्या दुसऱ्या चर्चमध्ये साडेदहाला पोचायचं असतं. दोन किंवा तीन चर्चनी मिळून एक पाळक ठेवणं इथे अगदी कॉमन आहे, पगार एकट्याला झेपत नाही. बाई पाळक बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल कदाचित, आमचं चर्च ज्या ईएलसीएत आहे, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी लुथरन संस्था, ती ज्या चर्चसंस्था मिळून बनली त्यांतल्या दोन मोठ्या संस्थांनी १९७० पासून बायकांना पाळक म्हणून दीक्षा द्यायला सुरुवात केली. याच गावात दुसरं लुथरन चर्च आहे, जर्मन लोकांनी बांधलेलं, मिसूरी सिनडचं, तिथे बायका पाळक होत नाहीत आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, नियमही जास्त कडक. तुमच्या समोरचं कुठलं आहे ते पाटीवर बघा, फरक पडतो.

उपासना छापील क्रमाने चालते, पापकबुली, वाचनं, प्रवचन, प्रार्थना, प्रभुभोजन. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात आणि ते चक्र खूप चर्चेस पाळतात, म्हणून आसपासच्या गावांतले पाळक मंगळवारी सकाळी एकत्र बसून येत्या रविवारचा उतारा वाचतात, त्यात मेथडिस्ट पण असतात. गाण्यांचं पुस्तक गडद लाल, २००६ चं, पण म्हाताऱ्या माणसांना १९७८ चं हिरवं पुस्तक पाठ आहे, त्यामुळे कधी कधी एकाच ओळीला दोन वेगळे शब्द ऐकू येतात. गाणं मात्र एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, पेटी-तबल्याशिवाय, मला पहिलं वर्षभर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांची इतकी आठवण यायची की घरी येऊन मी एकटीच म्हणत बसायचे. प्रभुभोजन आमच्याकडे नगरला महिन्यातून एकदा असायचं, इथे दर रविवारी, कठड्यापाशी गुडघे टेकून, आणि लुथरन लोक हे नुसतं स्मरण मानत नाहीत, भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर आहे असं मानतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी लहान मुलं पत्र्याच्या बादल्या घेऊन बाकांमधून फिरतात आणि सगळे चिल्लर टाकतात, जितका आवाज जास्त तितकी मुलं खूश, ते पैसे गावातल्या अन्नवाटप केंद्राला जातात. मग सगळे खाली बेसमेंटमध्ये कॉफीला. तासाची उपासना, दीड तासाची कॉफी. कोणाचं बियाणं आलं नाही, कोणाला ट्रॅक्टरला हात पाहिजे, कोणाला डॉक्टरकडे न्यायला गाडी पाहिजे, ते सगळं तिथे ठरतं.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते म्हणजे मंगळवारच्या गोधड्या. नऊ-दहा बायका, दोन निवृत्त पुरुष पण, बेसमेंटमधली टेबलं जोडून सकाळी आठपासून क्विल्ट करतात. हे क्विल्ट लुथरन वर्ल्ड रिलीफकडे जातात, ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या लोकांना मदत करायला १९४५ मध्ये सुरू झाली, आता निर्वासितांच्या छावण्यांत, भूकंप-पुराच्या ठिकाणी पाठवतात. साधारण साठ बाय ऐंशी इंच, वरचा थर जुन्या कापडाच्या तुकड्यांचा, मध्ये जुनं ब्लँकेट, खाली चादर. रंग गडद किंवा मध्यम पाहिजेत, मळ दिसू नये म्हणून, आणि झेंडे, क्रॉस वगैरे काही चिन्हं नकोत, घेणारा कोण असेल माहीत नाही ना. माझी आजी गोधडी धावदोऱ्याने शिवायची, ओळीवर ओळी, महिना लागायचा. इथे तसं शिवत नाहीत, दर पाच-सहा इंचावर जाड दोरा आरपार घालून गाठ मारतात. पहिल्या दिवशी मी धावदोरा घालायला लागले तर शेजारच्या बाई म्हणाल्या, फार सुंदर आहे, पण या वेगाने आपलं एकच होईल आणि लोक थंडीत आहेत. मला ते पटलं, गाठी मारायला शिकले. पण माझी एक गोधडी त्यांनी हट्टाने धावदोऱ्याची करून घेतली, आईचं जुनं सुती लुगडं आत घालून.

ट्रकमध्ये भरायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या चर्चच्या बाकांच्या पाठीवर टाकतात आणि लोक त्यांना टेकून बसतात, मग सगळे हात ठेवून प्रार्थना करतात. तो रविवार वर्षातला माझा सगळ्यात आवडता, नाताळपेक्षा पण.

बुधवारचं थोडक्यात सांगते. मिनेसोटात बऱ्याच शाळा बुधवारची संध्याकाळ मोकळी ठेवतात, चर्चची म्हणून. सातवी-आठवीची मुलं कन्फर्मेशनच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीच्या, वर्गाला येतात, आमच्याकडे सध्या चारच आहेत, लूथरची १५२९ ची छोटी प्रश्नोत्तरी शिकतात, त्यात बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी प्रत्येकीनंतर तोच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, मात्र त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, गाव लोटतं, आधी सूप आणि ब्रेड, मग अर्ध्या तासाची संध्याकाळची उपासना. मी एकदा मसूर डाळीचं सूप केलं, तिखट निम्मं करून, तेव्हापासून यादीत माझ्या नावापुढे तेच लिहिलेलं असतं. शनिवारी दोन जणी येऊन वेदीची कापडं बदलतात, नाताळाआधीच्या ॲडव्हेंटला निळं, लेंटला जांभळं, ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, उन्हाळाभर हिरवं, आणि प्रभुभोजनाचे रुमाल घरी नेऊन हाताने धुतात.

आणि मरण. छोट्या चर्चची सगळ्यात मोठी बातमी तीच असते. कोणी गेलं की फोनची साखळी सुरू होते, एक दोघांना करतो, ते दोघांना, तासाभरात सगळ्यांना कळलेलं असतं. अंत्यविधीनंतरचं जेवण चर्च देतं, घरच्यांनी काही करायचं नाही. ठरलेलंच असतं, बटर लावलेल्या बनमध्ये हॅम, बटाट्याचं सॅलड, लोणचं, आणि बार म्हणजे ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेला गोड पदार्थ. चाळीस जणांचं चर्च दोनशे लोकांना जेवू घालतं, कारण कोण काय आणणार याच्या याद्या वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लागलेल्या असतात. जानेवारीत जमीन इतकी गोठते की कधी कधी दफन वसंत ऋतूत करतात, म्हणजे घरच्यांना दोनदा निरोप द्यावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी पण हीच माणसं उभी असतात, दहा-बारा जण, वाऱ्यात.

सगळं छान आहे असं नाही. तरुण मुलं शहरात जातात, दर वर्षी दोन-तीन दफनं आणि एखादाच बाप्तिस्मा होतो. तीन वर्षांपूर्वी आमचे आधीचे पाळक निवृत्त झाले आणि चौदा महिने आम्हाला कोणी नव्हतं. आपल्याकडे डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, बदली करून पाळक पाठवतो, इथे तसं नसतं, बिशपचं ऑफिस नावं सुचवतं, पण चर्च स्वतः समिती नेमून मुलाखती घेतं आणि मग सगळ्या मंडळीने मत द्यायचं, दोन तृतीयांश मतं पडली तरच बोलावणं जातं. त्या चौदा महिन्यांत एक निवृत्त शिक्षिका आणि एक दूधवाले शेतकरी आळीपाळीने प्रवचन वाचायचे, निवृत्त पाळक मिळतील तेव्हा प्रभुभोजन. वार्षिक सभेत बंद करायचं का हा विषय निघाला होता. खूप वेळ कोणी बोललं नाही, मग खजिनदार म्हणाले, छताला अजून दहा वर्षं काही होत नाही, आणि पुढचा विषय घेतला. मी त्या दिवशी घरी येऊन रडले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, जा, बिनधास्त जा. दहा मिनिटं आधी जा, कोणीतरी दारात हात मिळवेल, बुलेटिन देईल. कुठल्याही बाकावर बसा, शक्यतो मागून दुसऱ्या किंवा तिसऱ्या, म्हणजे पुढच्यांना बघून उठता-बसता येतं. प्रभुभोजनाला जायलाच पाहिजे असं अजिबात नाही, जागेवर बसून राहिलात तर कोणी काही म्हणणार नाही, किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरा, पाळक फक्त आशीर्वाद देतील. अर्पणाचं ताट तसंच पुढे द्या, पाहुण्यांकडून अपेक्षा नसते. संपल्यावर मात्र लगेच गाडीकडे जाऊ नका, खाली कॉफीला थांबा, आणि मंगळवारी सकाळी मोकळ्या असाल तर गोधड्या कुठे करतात ते विचारा, सुई धरता येत असेल तर तुम्हाला त्याच दिवशी टेबलावर जागा मिळेल.