चार किलोची इलेक्ट्रिक गिटार, लेदरचा पट्टा घरीच बनवायचाय, खांद्याला रुतू नये म्हणून काय करू?

रुंदी अडीच ते तीन इंच घ्या, दोन इंची पट्टा एवढ्या वजनाला तासाभरात रुततोच. कातडं पाठीच्या भागातलंच मागा, पोटाकडचं ताणत जातं. जाडी तीनेक मिलिमीटर बास, आणि आतून स्वेड (मऊ, खरखरीत लव असलेलं कातडं) लावा, गुळगुळीत लेदर शर्टावर घसरतं आणि गिटारची मान खाली जाते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कडा, आपल्या मानेजवळ तीच घासते, म्हणून दोन्ही बाजूंनी गोल करून, पाणी लावून जाड कापडाने चकचकीत होईपर्यंत घासा, मी पहिल्या पट्ट्याला हे केलं नव्हतं तर गळ्यापाशी लाल वळ उठला होता. गिटारवरच्या ज्या बटणात पट्टा अडकतो, त्याच्या भोकाला चीर छोटीच ठेवा, घट्ट बसलं पाहिजे.