कोल्हापुरातले सगळे 'राजाराम' एकच नव्हेत

भावा तू विचारलंयस की राजाराम कॉलेज, राजारामपुरी, राजाराम बंधारा, राजाराम तलाव हे सगळं शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज यांच्याच नावानं आहे का. नाही. चूक तुझी एकट्याची नाही, इथं जन्मलेली पोरंबी असंच समजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते राजाराम महाराज जिंजीला गेलेले, १७०० साली सिंहगडावर वारले, त्यांच्या महाराणी ताराबाईंनी पुढं कोल्हापूरची गादी उभी केली. पण आपल्या गादीवर नंतर आणखी दोन राजाराम महाराज होऊन गेले आणि तू विचारलेली ठिकाणं त्यांची आहेत.

त्यातले पहिले फार लवकर गेले. १८७० मध्ये विलायतेला गेले, लंडन वगैरे बघून परत येताना इटलीत फ्लोरेन्सला ३० नोव्हेंबरला वारले, वय अवघं २०. आपल्या रिवाजानं दहन नदीच्या संगमावर पाहिजे म्हणून आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथं दिलं. आजबी तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलाला तिथली माणसं 'इंडियानो' म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. ती छत्री ज्या मेजर मँटनी आखली त्यांनीच आपला न्यू पॅलेस आखला, हे मला कळलं त्या दिवशी मी मुद्दाम पॅलेसला जाऊन तासभर बघत बसलो होतो. राजाराम कॉलेज ह्या राजाराम महाराजांचं. १८८० चं कॉलेज, नामदार गोखले तिथं शिकले. भवानी मंडपातलं मेन राजाराम हायस्कूलबी त्याच नावाचं. आणि तरी कॉलेजात पाच वर्षं काढलेल्या माणसाला फ्लोरेन्स माहीत नसतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरे म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ते १९४० गादीवर. राजारामपुरी यांच्या काळात वसली, शाहूपुरी वडलांची आणि ही मुलाची, असं लक्षात ठेव. कसबा बावड्याचा बंधारा, विद्यापीठाकडचा तलाव, उजळाईवाडीचं विमानतळ हे सगळं यांच्याच काळातलं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून 'राजाराम बंधारा किती फूट' एवढंच विचारतं, म्हणजे पंचगंगेचं पाणी तिथं किती चढलं, ३९ फुटाला पुराचा इशारा आणि ४३ ला धोका.

आता साखर कारखाना. बावड्यातला छत्रपती राजाराम कारखाना वेगळा आणि वाळवा तालुक्यात साखराळ्याचा राजारामबापू कारखाना वेगळा, ते बापू म्हणजे राजारामबापू पाटील, राजकारणातले, राजघराण्याचा संबंध नाही. आमचे एक पाहुणे 'राजाराम कारखाना' एवढंच ऐकून साखराळ्याला जाऊन बसले होते, लग्न बावड्यात होतं, अक्षता चुकल्या.

आणि राजारामपुरीत येणार असशील तर रिक्षावाल्याला गल्ली कितवी ते आधी सांग, नुसतं राजारामपुरी म्हटलास तर तो जनता बाजारला सोडून मोकळा होईल.