पकड, पक्कड, चिमटा की चाप?

प्रश्न असा आहे : दागिने घडवायला शिकणाऱ्यांसाठी एक वाचक मराठीत टिपणे तयार करत आहेत. बारीक डाग, म्हणजे दागिना, नुसत्या बोटांत ठरत नाही, कशात तरी धरूनच त्यावर काम करावे लागते. त्या साधनांना सर्रास ट्वीझर, प्लायर, क्लॅम्प, व्हाइस म्हटले जाते. मराठीत या सगळ्यांना 'पकड' म्हणून चालेल का? आणि 'पकड' बरोबर की 'पक्कड'?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही स्त्रीलिंगी, पण कामे वेगळी. पकड म्हणजे धरण्याची क्रिया किंवा तिचा घट्टपणा : 'पकड सैल झाली', 'पकड येत नाही'. पक्कड म्हणजे वस्तू, दोन दांड्या आणि मध्ये खीळ असलेले अवजार. काही तांत्रिक पुस्तकांत अवजारालाही 'पकड' छापलेले दिसते आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. पण तुमच्या टिपणांत 'पकडीची पकड सैल पडते' असे वाक्य केव्हा ना केव्हा येणारच. तेव्हा तो 'क्क' फार उपयोगी पडतो. बोलीने हा फरक आयता करून ठेवलेला आहे, तो वापरावा.

पहिल्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर 'नाही' असे आहे. धरणाऱ्या साधनांची मराठी नावे साधनाच्या आकारावरून फारशी ठरत नाहीत. जोर कुठून येतो, त्यावरून ठरतात. हे एकदा लक्षात आले की कोणता शब्द कुठे, हे फारसे विचारावे लागत नाही.

चिमट्यात जोर बोटांचा असतो. दोन पात्या एका टोकाला जोडलेल्या, दुसरे टोक मोकळे. दाबले तर मिटते, सोडले तर उघडते. चिमूट, चिमटी, चिमटा काढणे हे सगळे त्याच घरचे, म्हणजे अंगठा आणि तर्जनीचे. चिमटा ही त्या दोन बोटांचीच वाढवलेली टोके. म्हणून ट्वीझरला चिमटा हा शब्द नेमका बसतो. काही जण 'चिमटी' म्हणतात. हातोडा-हातोडी, सुरा-सुरी या चालीवर लहान चिमटा तो चिमटी, असा हिशेब त्यामागे असावा. बोलताना ते खटकत नाही, पण लिहिताना मी टाळीन, कारण 'चिमटीत धरा' याचा पहिला अर्थ 'बोटांत धरा' असाच लागतो. शिकणाऱ्याने तापलेला तुकडा बोटांत धरला तर दोष व्याकरणाला देता येणार नाही.

पक्कडीत आणि सांडशीत जोर खिळीपाशी तयार होतो. दांड्या लांब, तोंड आखूड, म्हणून हाताचा थोडा दाब तोंडाशी मोठा होतो. सांडशी हा शब्द आज स्वयंपाकघरापुरता उरला असला तरी त्याचे कूळ जुने आहे. सांडस हे त्याचे थोरले रूप, लोहाराच्या हातातले, आणि दोन्हींचे मूळ संस्कृत 'संदंश'. दंश म्हणजे चावा. दोन बाजूंनी मिळून चावणारा तो संदंश. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रवैद्याची यंत्रे सांगताना १६ अंगुळे लांबीचे दोन संदंश दिले आहेत, एक सनिग्रह आणि दुसरा अनिग्रह. वाग्भट अष्टांगहृदयात त्यातल्या एकाला 'कीलबद्ध' म्हणतो, म्हणजे खिळीने जोडलेला. थोडक्यात, खिळीचा वेगळा आणि बिनखिळीचा वेगळा, ही विभागणी तिथेही आहे. आपण आज पक्कड आणि चिमटा यांत जो भेद करतो तो याच रेषेवरचा.

'चावणे' हे क्रियापद तर कारागिराच्या रोजच्या कामातले. दातेरी तोंडाची पक्कड सोन्याचांदीला चावते आणि वण ठेवते. म्हणून दागिन्याच्या कामाला गुळगुळीत तोंडाची पक्कड घेतात, किंवा तोंडाला चामडे लावतात. तोंड म्हणा किंवा जबडा म्हणा, दोन्ही चालते. प्रकार सांगताना मात्र तोंडच बरे : गोल तोंडाची, चपट्या तोंडाची, निमुळत्या तोंडाची. साध्या पक्कडीचे जबडे उघडले की तिरपे होतात आणि मागच्या बाजूला जास्त आवळतात. त्यामुळे जाड पट्टी पुढे निसटते. जबडे समांतर राहतील अशीही पक्कड मिळते. तिला सरळ 'समांतर जबड्यांची पक्कड' म्हणावे. नवा शब्द पाडण्याची गरज नाही.

आता खरी अडचण. झाळ देताना, म्हणजे डाख (जोडणारा मिश्रधातू) वितळवून सांधा जोडताना, जो चिमटा वापरतात त्याच्या पात्या एकमेकींना ओलांडून जातात. तो दाबला की उघडतो आणि सोडला की मिटतो. बोटे काढून घेतली तरी तुकडा सुटत नाही. नेहमीच्या चिमट्याच्या बरोबर उलट वागणूक. याला चिमटा म्हणावे का? दिसायला चिमटाच आहे, पण जोर बोटांचा नाही, पात्यांच्या ताणाचा आहे. अशा स्वतःच्या ताणाने धरणाऱ्या वस्तूला मराठीत शब्द आहे : चाप. केसांचा चाप तसाच, आणि दागिन्यांत तर चापाची नथ आहेच. म्हणून 'चापाचा चिमटा' हे नाव मला सगळ्यात नेटके वाटते. 'उलटा चिमटा' समजायला सोपे आहे, पण 'चिमटा उलटा धरा' अशा वाक्यात घोटाळा करेल. (संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, त्यामुळे वाकवलेल्या पट्टीच्या ताणाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. मला 'चापूनचोपून' मधला दाबण्याचा अर्थ अधिक जवळचा वाटतो.)

हाच चापाचा चिमटा जड बैठकीवर बसवला, सांध्यावर कसाही वळवता आला, की त्याला 'तिसरा हात' म्हणायची पद्धत पडली आहे. तुम्ही ते नाव ठेवायला हरकत नाही. दोनाचे चार करणाऱ्या भाषेत तिसराच हात थोडा अर्धवट वाटतो, पण अर्थ लगेच कळतो आणि तेवढे पुरे.

याच ठिकाणी शब्दापेक्षा सूचनाच महत्त्वाची आहे, तीही टिपणात घाला. धातूचा जाड चिमटा सांध्याला लागून लावला की तो उष्णता ओढून घेतो आणि डाख वितळून पसरत नाही. चिमटा सांध्यापासून दूर लावायचा. आणि झाळल्यावर डाग आम्लात टाकायचा तर लोखंडी किंवा पोलादी चिमटा आत घालायचा नाही, कारण आम्लात उतरलेले तांबे मग दागिन्यावर चढते. तिथे तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा. 'डाग' आणि 'डाख' हे दोन शब्द एका वाक्यात आले तर नवख्या वाचकासाठी कंसात अर्थ द्या : एक दागिना, दुसरा सांधा जोडणारा मिश्रधातू. शिवाय डाग म्हणजे कलंक हा अर्थ आहेच.

क्लॅम्प आणि व्हाइस यांच्यासाठी मी नव्या शब्दाच्या मागे लागणार नाही. शिकंजा हा शब्द आहे, पण त्याच्या फारसी मुळात छळण्याचा अर्थ आहे आणि मराठीतही तो धमकीसारखाच ऐकू येतो. अंगठी धरायचा लाकडी क्लॅम्प मात्र आपल्या शब्दांत सहज सांगता येतो : एका टोकाला अंगठी, दुसऱ्या टोकात पाचर. पाचर ठोकली की पुढचे तोंड आवळते. पाचर मारणे याला बोलताना वाईट अर्थ चिकटला आहे, इथे तो बिचारा शब्द सरळ काम करतो.

नावांपेक्षा क्रियापदांकडे जास्त लक्ष द्या, असे मी सांगेन. टिपणांत 'पकडा, पकडा' असे दर ओळीला आले तर वाचणारा कंटाळेल आणि नेमके काय करायचे तेही कळणार नाही. चोर पकडतात, वस्तू धरतात. चिमट्याने उचला, चिमट्यात धरा, पक्कडीने वळवा, चापाला लावा, क्लॅम्पमध्ये आवळा. 'ने' आणि 'त' यांतही फरक आहे. 'चिमट्याने धरा' म्हटले की हाताचे काम डोळ्यांपुढे येते, 'चिमट्यात धरा' म्हटले की तुकडा कुठे राहील ते. ज्या साधनाला हात लावून ठेवावा लागत नाही, तिथे 'ने' शोभत नाही. क्लॅम्पने अंगठी धरत नाहीत, क्लॅम्पमध्ये आवळतात.

एक साधन तुमच्या यादीत नाही, आणि जडावाच्या कामात त्याच्यावाचून चालत नाही : लाख. जिथे दाबून धरले तर वस्तू वाकेल तिथे ती चिकटवून धरतात. दांडीच्या टोकाला लाख गरम करून मऊ करायची, दागिना तिच्यात रुतवायचा, थंड झाली की तो हलत नाही. काम झाल्यावर पुन्हा ऊब देऊन सोडवायचा, उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. उठावाच्या कामाला याच रीतीने राळ, विटेची पूड आणि तेल यांचे मिश्रण वापरतात. ते खालून आधार देते आणि ठोक्याखाली थोडे दबतेही. आता गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिकचे दाणेही मिळतात. मोती आणि ओपलसारख्या, उष्णता न सोसणाऱ्या गोष्टी जवळ असतील तर ते बरे. या तिन्हींना 'धरा' नको, 'बसवा' किंवा 'रुतवा' हवे.

फक्त सामान्यरूप सांभाळा. ही लाख स्त्रीलिंगी, लाक्षेपासून आलेली, म्हणून 'लाखेत बसवा'. 'अंगठी लाखात बसवा' असे छापले, तर शिकणारा अवजार सोडून हिशेब करायला बसेल.